सामाईक भिंत

संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांना हवं होतं ते वेगळंच. "आखातातल्या मोठमोठ्या इमारती तुम्ही उभ्या केल्यात, त्याबद्दल लिहा," असं ते म्हणाले. मी एकही मोठी इमारत उभी केलेली नाही. मी जन्मभर खोटी जुनी घरं बांधली. हे सांगितलं की इथली, दुबईच्या अल बर्शातली आमची मंडळी हसतात आणि पुण्यातले नातेवाईक विषय बदलतात, म्हणून आधी धंदा काय तो सांगते.

इथे जवळपास सगळंच नवं आहे, त्यामुळे लोकांना जुन्याची भारी हौस. मॉलमध्ये इटलीची गल्ली हवी, हॉटेलात मोरोक्कोचा चौक हवा, बिर्याणीच्या दुकानाला लखनौची कमान हवी. हे करून देणाऱ्या धंद्याला थीमिंग म्हणतात. लोखंडी सांगाडा उभा करायचा, त्यावर सिमेंटचे पातळ साचे बसवायचे, साच्यांवर दगड उमटवायचे आणि मग ते म्हातारे करायचे. म्हातारं करणं ही खरी कला. साखळीने झोडपून कडा फोडायच्या, चहाच्या पाण्याने डाग पाडायचे, ब्रशने पावसाचे ओघळ काढायचे. पाऊस कुठून कसा ओघळला असता याचा विचार करण्यात माझी निम्मी नोकरी गेली, आणि तीही वाळवंटात.

एका हॉटेलच्या भिंतीवर मी फार सुंदर तडा काढला होता. देखभालीच्या लोकांनी तो बुजवला. मी पुन्हा काढला, त्यांनी पुन्हा बुजवला. शेवटी हा तडा मुद्दाम आहे अशी पाटी तिथे लावावी लागली. दुसऱ्या एका मालकाला पाचशे वर्षांपूर्वीची विहीर गुरुवारपर्यंत हवी होती. ती दिली.

या धंद्याचा एक अलिखित नियम आहे. मागची बाजू नसते. गिऱ्हाइकाला जे दिसणार नाही ते करायचं नाही. समोरून दुमजली हवेली दिसते, दार उघडून आत गेलात तर नळ, वायरी आणि झाडूवाल्याची बादली. "मागे कोण बघायला जातंय," असं मी नव्या लोकांना सांगत असे. हे वाक्य मी आता उच्चारत नाही. का, तेच आज सांगायचं आहे.

सैफ आमच्या ऑफिसात आला तेव्हा मला वाटलं, शेतावर पार्टीसाठी काहीतरी हवं असेल. अल ऐनच्या बाहेर, जबल हफीतच्या पायथ्याशी त्याच्या घराण्याची खजुराची मोठी बाग आहे. चाळिशीचा, मवाळ बोलणारा माणूस. त्याने टेबलावर फोटो पसरले. एका उतारावर ओळीने सात दगडी घरं, एकमेकांना चिकटलेली, पाठीमागे पाटीच्या दगडाचा काळा डोंगर. आपण शाळेत ज्या पाटीवर लिहायचो तो दगड. तिकडे वेल्समध्ये त्याच्या खाणी होत्या आणि ही घरं खाणकामगारांची.

"माझे वडील तरुणपणी इथे राहायचे," सैफ म्हणाला. "इंजिनीअरिंग शिकायला गेले होते. मधल्या घरात भाड्याने खोली होती."

वडिलांची स्मृती गेली होती. ते स्वतःच्या घरी, स्वतःच्या माणसांत असत, आणि रोज दिवस कलायला लागला की मला घरी न्या म्हणून रडत. कुठलं घर ते बरेच महिने कुणाला कळेना. मग एकदा त्यांनी कागदावर सात दारं काढली. सैफ तिकडे जाऊन घरं बघून आला, मापं घेऊन आला. दरम्यान वडील दोनदा घराबाहेर निघून गेले होते. दुसऱ्या वेळी भर उन्हाळ्यात, हायवेच्या कडेला, अनवाणी सापडले. डॉक्टर म्हणाले, आता त्यांना कुलूपबंद वॉर्डात ठेवावं लागेल.

"मॅडम, मला त्यांना कुलपात ठेवायचं नाही," सैफ म्हणाला. "ते घरी जायचं म्हणतात, तर मला त्यांना घरी न्यायचंय. उन्हाळा सुरू व्हायच्या आत होईल?"

मी इन्शाल्ला म्हटलं. इथे हा शब्द नकाराच्या आधी वापरतात, पण मी मनापासून म्हटला होता.

आता ही घरं कशी होती ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्या बांधणीवर आहे. प्रत्येक घराला समोर एक दार, शेजारी एक छोटी खिडकी, वर त्याहून छोटी दुसरी खिडकी. थंडी इतकी की मोठी खिडकी परवडायचीच नाही. दार ठेंगणं, वाकून जायचं. आत एकच खोली, तिच्या अर्ध्या भागावर लाकडी माळा, शिडीने चढून तिथे झोपायचं. छपरावर पाटीच्या दगडाच्या चिपा, खाली पागोळ्यांपाशी मोठ्या आणि वर आढ्याकडे लहान होत गेलेल्या. उतारावर असल्यामुळे प्रत्येक घराचं छप्पर शेजारच्याहून हातभर खाली. आणि दोन घरांत मिळून एकच भिंत. सामाईक. ती दोन दगडी पापुद्र्यांची, मधे दगडगोटे आणि चुना भरलेला, आणि अधूनमधून एकेक लांब दगड या घरातून त्या घरात आरपार गेलेला, भिंत बांधून ठेवण्यासाठी. मधल्या घराची चूल याच भिंतीत, आणि शेजारच्या घराचीही चूल त्याच भिंतीत, पाठीला पाठ लावून. मधे हातभर दगड.

ओळ आम्ही बागेच्या टोकाला, डोंगराकडे तोंड करून उभी केली. दगड फुजैराच्या बाजूचा काळपट आणला. दगडकामाला आमच्याकडे बाबल मेस्त्री होता, कुडाळकडचा. पन्नाशीचा, अखंड बोलणारा, आणि कामात नको इतका नीटनेटका. त्याने पहिली दर्शनी भिंत बांधली ती ओळंब्यात, सरळसोट. मूळची भिंत पोटाशी फुगलेली होती. मी ती उतरवायला सांगितली तेव्हा तो माझ्याकडे बघतच राहिला.

"बाय, जन्मभर सायब लोक भिंत वाकडी झाली म्हणान ओरडले," तो म्हणाला. "सरळ झाली म्हणान ओरडणारी तुमीच."

खरं घर आम्ही एकच केलं, मधलं. बाकी सहा नुसते दर्शनी भाग, मागे लोखंडी सांगाडे. आमचा नियमच तो. म्हाताऱ्याच्या शेजारच्या घरात तर एसीची यंत्रं ठेवली, कारण आतली खोली वेल्सइतकी गार ठेवायची होती. मधली सामाईक भिंत मी इथल्या रिवाजाप्रमाणे केली. उष्णता अडवणाऱ्या, फोम भरलेल्या विटा आणि त्यावर दोन्हीकडून दगडाची पातळ चकती. चूल होती, पण तिच्यात विजेचा निखारा. खोलीत उभं राहून चारी बाजूंना बघितलं तर फोटोत आणि तिच्यात फरक सापडत नव्हता. मला फार अभिमान वाटला होता, हे कबूल करते.

वडिलांना आणलं त्या दिवशी सैफ, त्यांची नर्स लिसी आणि मी होतो. लिसी कोट्टायमची, वर्षानुवर्षं आखातात, हिंदी-इंग्रजी मिसळून बोलणारी. म्हातारा उंच, ताठ, पांढरा पायघोळ कंदुरा घातलेला. सगळे त्यांना बाबाच म्हणत. गाडीतून उतरल्यावर ते ओळीकडे बघत थांबले. मग एकटेच निघाले, पहिलं दार सोडलं, दुसरं सोडलं, तिसरं सोडलं, आपल्या दाराशी आले. कुणी काही सांगायच्या आत त्यांनी अंगठ्याने लोखंडी खिट्टी वर उचलली, मान खाली घातली आणि आत गेले. उंच माणसाला त्या दारात मान कधी घालायची हे डोक्याला नाही, मानेला ठाऊक असतं. सैफ तोंड फिरवून उभा राहिला.

बाबा खुर्चीत बसले. लिसीने चहा दिला. बाहेर सूर्य डोंगरामागे जायला लागला तसे ते उठले, चुलीशेजारची निखारे सारायची सळई घेतली आणि चुलीच्या कडेच्या दगडावर ठोकलं. मग कान देऊन थांबले. पुन्हा ठोकलं. पुन्हा थांबले.

"मिसेस पॅरी," ते इंग्रजीत म्हणाले. "उत्तर देत नाहीये."

सैफला ही गोष्ट माहीत होती, फक्त ती महत्त्वाची आहे हे माहीत नव्हतं. शेजारच्या घरात एक विधवा म्हातारी राहायची. त्या ओळीत रिवाज असा, की दिवे लावायच्या वेळी चुलीच्या दगडावर ठोकायचं, म्हणजे मी बरा आहे. शेजाऱ्याने उलट ठोकायचं, म्हणजे मीही बरा आहे. उत्तर आलं नाही तर शेजारी उठून बघायला येणार. याला आपण शेजारधर्म म्हणतो, त्यांच्याकडे काय म्हणतात मला माहीत नाही.

बाबा तिला बघायला निघाले. बाहेर येऊन शेजारच्या दारावर थापा मारू लागले. ते दार खोटं नव्हतं, यंत्रं दुरुस्त करायला ये-जा असायची, पण आत दाखवण्यासारखं काही नव्हतं. मी आडवी उभी राहिले. ते मला म्हणाले, "ती पडली असेल. तुम्ही मला जाऊ का देत नाही?" मग त्यांनी वळून आपल्या घराकडे बघितलं आणि म्हणाले, हे माझं घर नाही. मला घरी न्या. त्या रात्री त्यांना इंजेक्शन द्यावं लागलं. आधी नुसतं रडणं होतं, आता त्यात भीती आली होती.

सैफ दुसऱ्या दिवशी म्हणाला, "कुणीतरी पलीकडे बसून ठोकलं तर?"

आम्ही करून बघितलं. बाबल पलीकडून हातोडीने ठोकत होता आणि अलीकडे मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. फोम सगळं गिळत होता. भिंत दिसायला हुबेहूब होती आणि बहिरी होती. माझ्या सगळ्या नोकरीत मला इतकं लाजल्यासारखं झालं नव्हतं. वॉर्डातली खाट ठरलेली होती आणि सैफने डॉक्टरांकडून थोडी मुदत मागून घेतली.

भिंत आम्ही पाडली आणि मूळ घरांच्या नकाशात होती तशी बांधली. फोम नाही, विटा नाहीत. दोन पापुद्रे, मधे गोटे, चुना, आणि चुलीच्या उंचीवर एक लांब दगड या चुलीतून त्या चुलीत आरपार. उन्हाळ्यात दुपारी बाहेर काम करता येत नाही, त्यामुळे पहाटे आणि संध्याकाळी काम चाले. पलीकडची बाजूही मी पूर्ण केली, दगडी चूल, वरचं लाकूड, सगळं. तिथे कुणी बघणार नव्हतं, तरी केली. लांब दगड बसवायच्या आधी बाबलने नारळ आणला. मी म्हटलं, हे दुसऱ्या धर्माच्या माणसाचं घर आहे, त्यातही तिसऱ्याच धर्माच्या लोकांच्या घराची नक्कल, इथे नारळ कुणासाठी? "ज्येका होयो तो घेयत," बाबल म्हणाला, म्हणजे ज्याला हवा तो घेईल. मी नारळ परत पाठवला.

बाबांना पुन्हा आणलं. दिवेलागणीला त्यांनी ठोकलं. पलीकडून बाबलने ठोकलं. आवाज लांब दगडातून आला, जवळून, कुणी हात पुढे केल्यासारखा. बाबा हसले, सळई जागेवर ठेवली आणि चहा मागितला. त्या दिवशी त्यांनी घरी जायचं नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सैफने वॉर्डातली खाट रद्द केली आणि आमच्या सगळ्या कामगारांना खजुराच्या पेट्या वाटल्या. "खलास मॅडम, ते घरी आले," म्हणाला. इथे खलास म्हणजे झालं, काम फत्ते.

ठोकायचं काम बाबलकडेच राहिलं. तो आणि त्याचा साडू वसंत, दोघं बागेतल्या कामगारांच्या खोल्यांत राहून बारीकसारीक कामं उरकत होते. रोज संध्याकाळी बाबल यंत्रांच्या मधे स्टूल टाकून बसे, बाबांचं ऐके, उत्तर देई आणि जेवायला जाई. मी दुबईला परत आले.

मग गणपती आले. कोकणातला माणूस आखातात काहीही सोसतो, पण गणपतीला घरी जाणं सोडत नाही, हे आमच्या धंद्यातल्या प्रत्येक मॅनेजरला पाठ असतं. बाबलने ऑफिसात रजा टाकली तेव्हा वसंत आहे असं धरलं. वसंतनेही रजा टाकली, बाबल आहे असं धरून. ऑफिसातल्या मल्याळी बाईंना दोघं एकाच कामावर आहेत हे माहीत नव्हतं. दोघं साडू शारजाच्या विमानतळावर एकाच रांगेत भेटले. तोवर बॅगा आत गेल्या होत्या, आणि गणपतीला निघालेला माणूस रांगेतून परत फिरल्याचं मी कधी ऐकलेलं नाही. मला फोन करायची दोघांचीही छाती झाली नाही.

मला कळलं ते गौरी जेवल्या त्या दिवशी. बाबलने व्हॉट्सअ‍ॅपवर गणपतीचा फोटो पाठवला. आरती चालली होती, बाबल झांजा वाजवत होता आणि त्याच्या मागे टाळ घेऊन वसंत उभा होता. मी फोटो मोठा करून बघितला. इतके दिवस त्या घरात संध्याकाळी कुणी उत्तर दिलं नव्हतं, म्हणजे म्हाताऱ्याचं काय झालं असेल? मी लिसीला फोन लावला.

"सब ठीक है मॅडम," लिसी म्हणाली. "बाबा डेली नॉक करते हैं, उधर से आन्सर आता है. आपका आदमी बहुत पंक्चुअल है."

मी म्हटलं, माझा माणूस तिथे नाही. ती म्हणाली, असेल कुणीतरी, मॅडम, मी रोज ऐकते. कालसुद्धा ऐकलं.

मुलीला सांगितलं. ती इथेच वाढली, इथेच इंजिनीअर झाली. "मम्मा, इट्स थर्मल," ती लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाली. "दगड दिवसभर तापतो, संध्याकाळी कॉन्ट्रॅक्ट होतो, आवाज येतो. डोन्ट बी अ‍ॅन आंटी." मला ते पटलं. मी याच मताची बाई आहे. तरी मी गाडी काढली आणि अल ऐनला गेले.

मी आधी शेजारच्या घरात गेले. दार उघडलं तर आत एसीची घरघर, कोपऱ्यात बाबलचं स्टूल आणि जमिनीवर इतक्या दिवसांत साठलेली चुन्याची आणि वाळूची बारीक धूळ. तिच्यावर एकही पाऊल नव्हतं. मी दारातूनच बघितलं, आत पाय टाकला नाही. बाहेरून कडी घातली. मग बाहेरच्या पेटीतलं एसीचं मुख्य बटण बंद केलं, कारण यंत्राचा ठोका असेल तर तो बंद व्हावा. म्हाताऱ्याला तेवढा वेळ उकडलं असतं, पण माझं मन शांत झालं असतं.

मग बाबांच्या खोलीत लिसीजवळ जाऊन बसले. बाबांनी मला ओळखलं नाही, पण पाहुणी आली म्हणून खुर्ची दिली. खिडकीतला उजेड कमी झाला. ते उठले, सळई घेतली, ठोकलं.

पलीकडून उत्तर आलं. दगड आकसल्याचा आवाज मला माहीत आहे, तो टचकन येतो आणि कुठूनही येतो. हे चुलीच्या उंचीवर होतं, त्या लांब दगडात, आणि जरा दमाने, म्हातारं माणूस ठोकतं तसं. बाबलच्या हाताचं नव्हतं. बाबलचा हात भारी आहे.

"ती आज दमलेली आहे," बाबा मला म्हणाले.

मी उठून शेजारी गेले. कडी तशीच होती. दार उघडून मोबाईलचा उजेड पाडला. धुळीवर एकही पाऊल नव्हतं. मी खूप घाबरले. घाबरले तेव्हा मला पहिल्यांदा काय सुचलं ते सांगते, हसू नका. मला वाटलं, ही बाजू मी पूर्ण करायला नको होती. नाही तर तिला बसायला चूल कुठे मिळाली असती?

सैफला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, ते झोपतात, जेवतात, मला नावाने हाक मारतात. तुम्ही ते दार उघडू नका." एसीचं बटण त्याने स्वतः जाऊन सुरू केलं.

बाबल गणपती करून परत आला. मी त्याला झापायचं ठरवलं होतं, ते राहून गेलं. त्याला फक्त विचारलं, आजपासून पुन्हा बसशील ना? त्याने दार उघडून आत बघितलं, स्टूल जिथे होतं तिथेच आहे हे बघितलं, आणि दार ओढून घेतलं.

"थंय आता जागा नाय, बाय," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या जाग्यार मी कसो बसतलंय?"

मी त्याला आग्रह केला नाही. पुढचे महिने शेजारी कुणीच बसलं नाही, आणि उत्तर रोज येत राहिलं. मी हे ऑफिसात सांगितलं नाही. कामाच्या अखेरच्या पत्रात, सर्व भिंती नकाशाबरहुकूम, इतकंच लिहिलं. ते खरंच होतं.

थंडीत बाबा गेले. खुर्चीत बसल्या बसल्या, सकाळी, चहा निवत असताना. सैफने फोन केला तेव्हा तो रडत होता, पण त्यात समाधानही होतं. "शेवटपर्यंत त्यांनी घरी जायचं म्हटलं नाही," म्हणाला. सगळे विधी झाल्यावर त्याने ठरवलं, ओळ पाडायची नाही. फक्त यंत्रं काढून न्यायची, वीज तोडायची आणि घर बंद ठेवायचं. मधल्या घराला त्याने स्वतः कुलूप लावलं आणि चावी माझ्याकडे दिली, छपराच्या चिपा अधूनमधून बघायला लागतात म्हणून.

यंत्रं शेजारच्या घरात, म्हणून आम्ही तिथे गेलो. बाबल यायला तयार नव्हता, पण मी येते म्हटल्यावर आला. वीज आधीच तोडली होती. दार सताड उघडं ठेवून बाहेरच्या उजेडात त्याने नटबोल्ट काढायला सुरुवात केली. मी सामाईक भिंतीला पाठ लावून उभी होते. मला त्या भिंतीचं वाईट वाटत होतं. आयुष्यात मी खरी भिंत एवढी एकच बांधली, आणि ती बंद पडणार होती. काम लांबलं. सूर्य डोंगरामागे गेला आणि घरातल्या वस्तू करड्या दिसायला लागल्या.

तेव्हा बाबांच्या बाजूने ठोकल्याचा आवाज आला.

बाबलचा पाना थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. घरघर करायला यंत्र नव्हतं, सगळीकडे शांतता होती. कुलपाची चावी माझ्या पर्समध्ये होती, पर्स माझ्या खांद्याला होती. मी उगाच तिच्यावर हात ठेवला.

पुन्हा ठोकलं. मधे थांबून, कान देऊन ठोकतात तसं. बाबा पहिल्या दिवशी ठोकत होते तसं.

"बाय," बाबल अगदी हळू म्हणाला, "हयसून आज कोण देतला?"

इथून आज उत्तर कोण देणार. मला वाटलं, जी रोज देते ती देईल. मी भिंतीकडे बघत राहिले. ती काही देत नव्हती. मग माझ्या लक्षात आलं, की आज तिच्या जागी आम्ही आहोत. शेजारी आज आम्ही होतो.

तिसऱ्यांदा ठोकल्याचा आवाज आला नाही. त्याऐवजी भिंतीपलीकडे खुर्ची सरकली. लाकडी जमिनीवर पावलं वाजली, दाराच्या दिशेने. आणि मग मी स्वतः बसवून घेतलेल्या, अंगठ्याने उचलायच्या त्या लोखंडी खिट्टीचा आवाज आला. ती वर उचलली गेली.

उत्तर आलं नाही तर शेजारी उठून बघायला येतो.

मी बाबलच्या हातातला पाना ओढून घेतला आणि चुलीच्या लांब दगडावर ठोकलं. दोनदा, नीट ठोकलं. आम्ही बरे आहोत. यायची गरज नाही.

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग खिट्टी हळूच खाली बसली.